मोर्चा, धरणे, जमावबंदी आणि अटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पाने मुख्यतः महाराष्ट्रातल्या आंदोलकांसाठी आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. लोकांच्या तोंडी अजून जुनीच कलमे आहेत (१४४, १४९, १५१, ३५३), म्हणून खाली जुना आणि नवा असे दोन्ही आकडे दिले आहेत. नोटीस हातात आली की त्यावर कोणत्या कायद्याचे कलम आहे ते आधी बघा. जुने १४९ आणि नवे १४९ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

१. मोर्चा काढणे हा आमचा हक्क आहे की पोलिसांची मेहेरबानी?

हक्क. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) प्रमाणे नागरिकांना शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमता येते. अनुच्छेद १९(३) या हक्कावर वाजवी निर्बंध घालू देतो, पण कारणे दोनच: सार्वजनिक सुव्यवस्था आणि देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता. मंत्र्यांचा दौरा आहे, बंदोबस्ताला माणसे नाहीत, विषय सरकारविरोधी आहे, यांतले एकही कारण त्या यादीत नाही. १९७२ मध्ये हिंमतलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्याखालचा अहमदाबादचा एक नियम रद्द केला, कारण रस्त्यावरच्या सभेला परवानगी द्यायची की नाही हे त्यात अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडले होते. सभेचे नियमन करता येते, ती मनमानीने रोखता येत नाही, हे तेव्हाच ठरले. तोच कायदा आज 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१' या नावाने आपल्याकडे चालतो.

२. परवानगी घ्यावीच लागते का? अर्ज कुठे आणि कसा करायचा?

रस्त्यावरून जाणारा मोर्चा, ध्वनिक्षेपक, मंडप यांपैकी काहीही असेल तर घ्या. शहरात आयुक्तालय असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि वाहतूक शाखेला. ग्रामीण भागात ठाण्याचे प्रभारी अधिकारी, प्रत तहसीलदार आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना. मैदान किंवा पदपथ पालिकेचा असेल तर पालिकेचे वेगळे ना-हरकत पत्र लागते, आणि ते वेळेत न मिळाल्यामुळेच निम्म्या परवानग्या अडकतात. किमान आठवडाभर आधी अर्ज द्या.

अर्जात तारीख, सुरुवातीची आणि संपण्याची वेळ, जमण्याचे ठिकाण, मार्ग (चौकांच्या नावांसह), अंदाजे माणसे, वाहने, ध्वनिक्षेपक आहे की नाही, मागणी दोन ओळींत, तीन संयोजकांची नावे आणि मोबाइल क्रमांक, स्वयंसेवकांची संख्या आणि निवेदन कुणाला देणार ते लिहा. माणसांचा आकडा फुगवू नका. पाच हजार लिहून दोनशे आले तर हसे होते, आणि दोनशे लिहून पाच हजार आले तर अटीचा भंग म्हणून संयोजकांवर गुन्हा. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. मार्ग आखताना हे नकाशावर तपासा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पोहोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. पुढे न्यायालयात तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही, ही पोहोच पडते.

३. मुंबईत आझाद मैदानच का? मंत्रालयासमोर बसता येत नाही का?

१९९७ पासून मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेच्या ओघात दक्षिण मुंबईतले मोर्चे आझाद मैदानाच्या राखीव भागापुरते राहिले. मंत्रालय परिसरातली परवानगी त्यामुळे जवळपास मिळत नाही. २०२५ मध्ये मुंबईसाठी सभा, आंदोलने आणि मिरवणुकांचे स्वतंत्र नियम आले. त्याच वर्षी ऑगस्टअखेरच्या मराठा आरक्षण आंदोलनाला आधी एका दिवसाची परवानगी होती, त्यात ५,००० माणसे आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशा अटी होत्या. त्या ओलांडल्या गेल्या तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मैदानाबाहेरचे रस्ते मोकळे करण्याचे आदेश झाले. मागणी कितीही रास्त असली तरी न्यायालय अटींचा कागद आधी उघडते.

मोठा जमाव शिस्तीने शहरात आणता येतो याचे उदाहरण मार्च २०१८ च्या किसान लाँग मार्चचे. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी शेवटच्या रात्री शीवच्या सोमय्या मैदानावरून अंधारातच आझाद मैदानाकडे निघाले, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती. वाहतूक तुंबली नाही आणि मार्ग अडवण्याचे कारणही कुणाला उरले नाही.

४. अर्ज देऊन दहा दिवस झाले, उत्तर नाही. आदल्या रात्री फोनवर "परवानगी नाही" म्हणतात. आता?

नकार लेखी आणि कारणांसह मागा. फोन आला तर लगेच त्याच अधिकाऱ्याला संदेश किंवा ईमेल पाठवा: "आज रात्री अमुक वाजता आपण दूरध्वनीवर परवानगी नाकारल्याचे कळवले, कृपया लेखी कारणे द्यावीत." यातून नकाराची नोंद तरी तयार होते.

पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा, अनुच्छेद २२६ खाली. तातडीची याचिका त्याच दिवशी ऐकली जाऊ शकते, पण पोहोच आणि कागद नसतील तर वकीलही काही करू शकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आंदोलकांनी हेच केले. त्यांना धरण्याची परवानगी नाकारणारे आदेश औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असे निकालात लिहिले. नकारावर चिडून तसेच निघणे आणि नकाराला आव्हान देणे, यांत दुसऱ्या वाटेने मिळालेला निकाल पुढच्या गावालाही कामी येतो.

५. "१४४ लागली" म्हणजे नेमके काय? आमच्या जिल्ह्यात तर वर्षभर जमावबंदी असते.

दोन वेगळे आदेश लोक एकाच नावाने ओळखतात.

पहिला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (जुने १४४). तो दंडाधिकारी काढतात, त्यात तातडीची कारणे लिहावी लागतात आणि तो दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. राज्य शासन तो आणखी कमाल सहा महिने वाढवू शकते. आदेशाने बाधित झालेली व्यक्ती तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी त्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, आणि अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही तरतूद फारच थोडे लोक वापरतात. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी किंवा एकापाठोपाठ एक असे ते काढत राहता येणार नाही.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा. जिल्ह्यात 'शस्त्रबंदी व जमावबंदी' म्हणून जो आदेश सतत निघत असतो तो हाच. सण, जयंती, निवडणूक, परीक्षा अशी कारणे लिहून पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी कार्यालय तो काढते. शासनाच्या मंजुरीशिवाय जमावबंदी १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून ती पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांनी चालू ठेवली जाते. हा कायद्याच्या शब्दांना धरून त्याच्या हेतूला दिलेला वळसा आहे असे आमचे मत आहे.

आदेशाची प्रत मिळवून दोन गोष्टी वाचा. एक, तो सरसकट बंदी घालतो की 'पूर्वपरवानगीशिवाय' बंदी घालतो. बहुतेक आदेश दुसऱ्या प्रकारचे असतात, म्हणजे परवानगी मागण्याचा मार्ग खुला असतो. दोन, ३७(१) लागू आहे का. त्यात लाठ्या-काठ्या, दगड बाळगणे, आणि आदेशात तसे म्हटले असेल तर पुतळ्याचे प्रदर्शन, घोषणा आणि वाद्येसुद्धा येतात. झेंड्याची जाड काठी 'शस्त्र' म्हणून पंचनाम्यात चढते, फलक पुठ्ठ्याचेच ठेवा.

६. आम्ही चौघेच होतो, मग जमाव कसा?

न्याय संहितेच्या कलम १८९ खाली बेकायदेशीर जमावाला पाच माणसे लागतात, आणि नुसती पाच असून भागत नाही: बळाने धाक दाखवणे, कायद्याची अंमलबजावणी रोखणे असा समान उद्देशही लागतो. पण प्रश्न ५ मधल्या आदेशाचा भंग ही वेगळी बाब. त्यातला आकडा आदेशातच लिहिलेला असतो. शिवाय पांगण्याचा कायदेशीर आदेश दिल्यानंतर पाच किंवा अधिक माणसांच्या जमावात जाणूनबुजून थांबणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग तो जमाव आधी बेकायदेशीर नसला तरी.

७. आंदोलनाच्या आदल्या दिवशी घरी "१४९ ची नोटीस" आली. सही करू का?

करा. आता ती कलम १६८ ची असते. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली ती समज आहे. तिच्यामुळे गुन्हा नोंदला जात नाही, तुम्ही आरोपी होत नाही, आणि ती आंदोलनावर बंदीही नसते. बंदी वेगळ्या आदेशाने येते. सही करताना "प्रत मिळाली" एवढेच लिहून तारीख-वेळ घाला. "मी आंदोलनात सहभागी होणार नाही" असे छापलेले हमीपत्र सोबत असेल तर त्यावर सही करण्याची सक्ती नाही.

त्याच संध्याकाळी चार ओळींचे उत्तर द्या: आंदोलन शांततेचे आहे, अर्ज अमुक तारखेला दिला आहे, स्वयंसेवक इतके आहेत, कोणतीही मालमत्ता हानी होऊ नये याची काळजी घेऊ. नोटीस न घेता दार लावून घेण्यात काही फायदा नाही. पोलीस दोन पंचांसमोर ती दारावर चिकटवतात आणि "घेण्यास नकार" अशी नोंद होते.

८. रास्ता रोको, बंद, घेराव यांत कायदेशीर काय?

रास्ता रोको केल्यास साधारण न्याय संहितेची कलमे १२६ (गैररीतीने अडवणूक), २८५ (सार्वजनिक मार्गात अडथळा) आणि २२३ (आदेशाचा भंग) लागतात. ही सगळी जामीनपात्र आहेत. रुग्णवाहिका अडली आणि कुणाच्या जिवावर बेतले तर प्रकरण पार बदलते, म्हणून रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका आणि दोन माणसे नेमलेली असावीत. शाहीनबागच्या आंदोलनावर ७ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विरोधाचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही असे म्हटले.

बंदचे तसे नाही. स्वखुशीने दुकान बंद ठेवणे ठीक, पण सक्तीचा बंद घटनाबाह्य आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले होते. २४ ऑगस्ट २०२४ चा महाराष्ट्र बंदही उच्च न्यायालयाच्या मनाईनंतर मागे घेतला गेला, आणि त्या दिवशी काळ्या फिती लावून निदर्शने झाली.

घेराव मात्र टाळाच. अधिकाऱ्याला दालनाबाहेर जाऊ न देणे म्हणजे गैररीतीने डांबून ठेवणे. त्याच्या अंगाला हात लागला तर प्रश्न १४ बघा.

९. आमरण उपोषण किंवा आत्मदहनाचा इशारा देणे गुन्हा आहे का?

नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे सरसकट कलम राहिले नाही, पण कलम २२६ आले. लोकसेवकाला त्याचे काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन जवळ आले की जिल्हाधिकारी कार्यालयात आत्मदहनाच्या इशाऱ्यांची रांग लागते. इशारा देणाऱ्याला पोलीस आदल्या रात्रीच प्रतिबंधात्मक कारवाईत उचलतात, आणि न्यायालयात त्याचे समर्थन सहज होते. मागणी मागे पडून बातमी फक्त रॉकेलच्या डब्याची होते. असा इशारा देऊ नका.

उपोषणाचे वेगळे आहे. साखळी उपोषणाला हे कलम लागत नाही. आमरण उपोषणात पत्रात 'बेमुदत' हा शब्द वापरा, रोज सरकारी डॉक्टरांकडून वजन, रक्तदाब आणि साखरेची लेखी नोंद घ्या, आणि पाणी घेता की नाही ते स्पष्ट ठेवा. प्रकृती खालावली की प्रशासन रुग्णालयात हलवते. तेव्हा झटापट होऊ नये म्हणून कुटुंबातले एक माणूस आणि एक वकील मंडपात थांबतील असे बघा.

१०. अन्यायी आदेश मोडणे हाच तर सत्याग्रह. मग परवानगीच्या कागदात का अडकायचे?

सत्याग्रह म्हणून कायदा तुम्हाला सूट देत नाही. आदेश मोडला तर गुन्हा नोंदणार, हे धरूनच सत्याग्रही निघतो. पण कोणता आदेश मोडायचा याचा विचार करताना महाडकडे बघावे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली. परिषदेला जमलेले हजारो लोक तळ्यावर जायला उत्सुक होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांना थांबवले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा दावा न्यायालयात लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. जवळपास दहा वर्षे गेली, पण त्यानंतर तळे कुणाच्या मर्जीचे राहिले नाही. एकाच माणसाने धर्माज्ञा उघड मोडली आणि न्यायालयाची मनाई पाळली, यात विसंगती शोधणारे तेव्हाही होते.

११. "ताब्यात घेतले" आणि "अटक केली" यांत फरक काय?

आंदोलनात बहुतेकांना अटक होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणे बंधनकारक आहे. न पाळणाऱ्याला कलम ६९ खाली हटवता येते आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग टळल्यावर सोडता येते. म्हणून दुपारी व्हॅनमध्ये आणि संध्याकाळी घरी. नव्या संहितेचे कलम १७२ ही तसेच आहे, तिथे किरकोळ प्रकरणात २४ तासांची कमाल मर्यादा घातली आहे.

कलम १७० (जुने १५१) ही प्रतिबंधात्मक अटक. दखलपात्र गुन्ह्याचा बेत आहे आणि तो दुसऱ्या मार्गाने रोखता येत नाही, असे अधिकाऱ्याला दिसले पाहिजे. २४ तासांपलीकडे ठेवायचे तर दुसरी तरतूद लागते.

नोंदलेल्या गुन्ह्यातली अटक तिसरी. व्हॅनमध्ये बसतानाच विचारा: "कोणत्या कलमाखाली? अटक की ताब्यात?" उत्तर आणि वेळ कुणाला तरी फोनवर पाठवा. ठाण्यात नाव-पत्ता खरा सांगा. कोऱ्या कागदावर सही कधीही नको.

१२. अटक झालीच, तर पहिल्या २४ तासांत काय मागायचे?

अटकेची कारणे, लेखी आणि समजणाऱ्या भाषेत. अनुच्छेद २२(१) मध्ये हा हक्क आधीपासून होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सर्व गुन्ह्यांना लागू केला: कारणे लेखी मिळाली पाहिजेत, आणि तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितली तरी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायलाच हवीत.

अटकेच्या वेळी केलेल्या पंचनाम्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि खाली तुमची (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६). वेळ बघून सही करा. दुपारी ३ ला उचलले आणि पंचनाम्यात रात्री ९ लिहिले असेल तर सहीशेजारी "मला दुपारी ३ वाजता आणले" असे लिहा. २४ तासांचे गणित त्या वेळेवर चालते. या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत.

नातेवाईक किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम ४८). चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पूर्ण चौकशीभर मात्र वकील शेजारी बसू शकत नाही (कलम ३८). वैद्यकीय तपासणीत अंगावरची प्रत्येक जखम डॉक्टरांना दाखवा. अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी (कलम ५३). इथे लाजेने गप्प राहिलेली माणसे नंतर लाठीमाराचा पुरावा हरवून बसतात.

जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातच जामीन मिळतो, तो हक्क आहे. जामीनदार नसेल तर वैयक्तिक जातमुचलक्याची (स्वतःच्या लेखी हमीवर सुटण्याची) मागणी करा. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

१३. महिला, मुले आणि ज्येष्ठांसाठी वेगळे नियम आहेत ना?

आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आजारी किंवा ६० वर्षांवरील व्यक्तीला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. मुलाचे वय सिद्ध करणारा कागद, शक्यतो शाळेचा, फोनमध्ये असू द्या.

१४. मी कुणालाही हात लावला नाही, तरी ३५३ टाकले. आता?

आता ते न्याय संहितेचे कलम १३२ आहे: लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणून आंदोलकांवर दडपणासाठी हेच कलम आधी आठवते. पण नुसती घोषणा, नुसता वाद, रस्त्यावर बसून राहणे हे 'बळाचा वापर' नव्हे. त्यासाठी कलम २२१ (अडथळा) आहे, त्यात कमाल तीन महिने किंवा २,५०० रुपये दंड आणि ते जामीनपात्र आहे. एफआयआरमध्ये कुणी, कुणाला, कशाने, कुठे मारले हे लिहिले आहे का बघा. "जमावाने धक्काबुक्की केली" एवढेच असेल तर अटकपूर्व जामिनासाठी (कलम ४८२) आणि पुढे गुन्हा रद्द करण्यासाठी तोच मुख्य मुद्दा होतो. त्या वेळेचे, न कापलेले चित्रीकरण जपून ठेवा.

फक्त कलम २२३ (जुने १८८) लावले असेल तर एक तांत्रिक पण कामाची गोष्ट: संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही (कलम २१५). नुसत्या पोलिसी दोषारोपपत्रावर चाललेले असे खटले या एका मुद्द्यावर पडतात.

१५. दगड दुसऱ्याने फेकला. आमच्या सगळ्यांवर दंगल कशी?

कलम १९० मुळे. बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या माथी येतो. बचाव हा की तो उद्देश तुमचा नव्हता, किंवा दगडफेक सुरू होताच तुम्ही बाजूला झालात. संयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून "आंदोलन थांबवत आहोत, सर्वांनी निघावे" असे जाहीर करावे, आणि ते चित्रीकरणात वेळेसह यावे. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले तर १९८४ चा वेगळा कायदा लागतो, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बस, वीज, पाणी, दूरसंचार यांच्या मालमत्तेसाठी किमान सहा महिने.

व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनबद्दलही हेच विचारतात. दुसऱ्याने टाकलेल्या संदेशासाठी, समान इरादा नसेल तर, अॅडमिन जबाबदार नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले.

१६. पोलिसांचे चित्रीकरण करता येते का? फोन काढून घेतला तर?

सार्वजनिक जागी करता येते, त्यांच्या कामात अडथळा न आणता. पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणावर शासकीय गुपिते कायदा लावला जात असे. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ठाणे हे त्या कायद्यातले 'प्रतिबंधित ठिकाण' नाही असे ठरवून तो गुन्हा रद्द केला.

फोन जप्त करायचा तर पंचनामा हवा, त्यात आयएमईआय (फोनचा ओळख) क्रमांक हवा, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण व्हायला हवे. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. वकिलाला विचारल्याशिवाय सांगू नका. चित्रीकरण घटनास्थळावरूनच दुसऱ्याकडे पाठवून ठेवा.

१७. लाठीमार झाला. तक्रार कुठे करायची?

आधी सरकारी रुग्णालय, नंतर बाकी सगळे. मग अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार, आणि दाद न मिळाल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज (कलम १७३(४) आणि १७५). राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग ही वेगळी ठिकाणे. आयोगाकडे शुल्क नाही, पण घटनेपासून एका वर्षात जावे लागते, आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा करत नाही.

जमाव पांगवण्यासाठी बळ वापरायचे तर कलम १४८ प्रमाणे आधी पांगण्याचा आदेश हवा. जूनमधल्या मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या २०११ च्या रामलीला मैदान कारवाईवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ताशेरे ओढले ते याच अंगाने. पण अधिकाऱ्यावर खटला भरायला शासनाची मंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५१), आणि तिथे बहुतेक प्रकरणे वर्षानुवर्षे अडतात. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.

१८. "चॅप्टर केस" केली म्हणतात. गुन्हा नाही, तरी तारखा का?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ (जुने १०७) खालची ही कारवाई विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते, आयुक्तालयात हे काम सहायक आयुक्तांकडे असते. शांतता राखण्याचे एका वर्षापर्यंतचे बंधपत्र मागितले जाते. ही शिक्षा नाही. पण आधी कलम १३० चा लेखी आदेश हवा, त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश आणि बंधपत्राची रक्कम असते. तो न देताच थेट बंधपत्रावर सही घेणे ही नेहमीची चूक आहे आणि त्यावर कारवाई रद्द होते. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर, विशेष कारणे नोंदवून मुदत वाढवलेली नसल्यास, ती आपोआप बंद होते. तारीख चुकवू नका. गैरहजेरीत वॉरंट निघते आणि मग खरी डोकेदुखी सुरू होते.

१९. मी सरकारी नोकर किंवा शिक्षक आहे. मोर्चात जाऊ का?

शांततेच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये (कामेश्वर प्रसाद) रद्द केला. संपाचा मूलभूत हक्क मात्र नाही, हे २००३ मध्ये ठरले. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत राजकीय चळवळीत भाग घेण्यास मनाई आहे. आपल्या सेवाविषयक मागण्यांचा मोर्चा रजा टाकून केला तर अडचण कमी. लक्षात ठेवण्याचा आकडा ४८ तासांचा: कोठडी त्यापेक्षा लांबली की शिस्त व अपील नियमांप्रमाणे निलंबन झाल्याचे मानले जाते. जामिनाची घाई शासकीय कर्मचाऱ्यांनी सर्वांत आधी करावी ती म्हणून. खासगी अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे सेवानियम वेगळे आहेत.

२०. गुन्ह्यामुळे पासपोर्ट अडेल का?

फक्त एफआयआर असल्याने नाही. न्यायालयाने दखल घेतलेला खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(च) खाली नाकारता येतो. तेव्हा खटला चालू असलेल्या न्यायालयाची परवानगी आणा. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जात मुदत स्पष्ट मागा. गुन्हा लपवू नका. माहिती दडवली की ती वेगळी बाब होते.

२१. सरकारने "आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेतले" असे जाहीर केले. माझा खटला संपला का?

नाही. शासन निर्णय ही सुरुवात असते. राजकीय-सामाजिक आंदोलनांच्या खटल्यांसाठीच्या अटींत जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांच्या वर नसावे, अशा दोन ठळक अटी आल्या आहेत. समिती प्रकरण तपासते, मग सरकारी अभियोक्ता कलम ३६० (जुने ३२१) खाली अर्ज करतो आणि न्यायालय संमती देते. ती मिळेपर्यंत तारखेला हजर राहा. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असतील तर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे उच्च न्यायालयाची परवानगीही लागते, त्यामुळे नेत्याचे नाव पहिले असलेल्या गुन्ह्यात कार्यकर्त्याचीही प्रकरणे लटकतात. आपले नाव वेगळ्या अर्जाने घेता येते का ते वकिलाला विचारा.

२२. गोव्यात किंवा परदेशी नागरिकत्व असताना हेच लागू होते का?

गोव्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागू नाही, म्हणून कलम ३७, ६८, ६९ विसरा. नागरिक सुरक्षा संहिता आणि न्याय संहिता मात्र तीच. तिथली जमावबंदी बहुधा कलम १६३ ची असते, म्हणजे प्रश्न ५ मधला पहिला भाग.

अनुच्छेद १९ फक्त भारतीय नागरिकांना आहे. ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेला, भारतीय वंशाचा म्हणून कार्ड मिळालेला) मराठी माणूस कायद्याने परदेशी नागरिकच असतो, त्यामुळे मोर्चातला सहभाग त्याच्या कार्डावर बेतू शकतो. अटक झाल्यास मात्र अनुच्छेद २१ आणि २२ चे संरक्षण, म्हणजे प्रश्न १२ मधली कारणे, वकील आणि २४ तास, त्यालाही मिळते. सोबत आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी त्याने करावी.